आईचा गुडघा, एमआरआय आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

आईच्या गुडघ्याचा एमआरआय काढला, रिपोर्टात मेनिस्कस टिअर. डॉक्टर म्हणाले गादी फाटलीय, दुर्बिणीने साफ करून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. वय ६२, कुठे पडली-बिडली नव्हती, दुखणं हळूहळू वाढत गेलेलं. घरात सगळे तारीख घ्या म्हणून मागे लागले.

माझी मैत्रीण फिजिओ आहे, ती म्हणाली आधी एवढंच शोध, अशीच झिजून फाटलेली गादी असलेल्यांत खरं ऑपरेशन आणि खोटं ऑपरेशन अशी तुलना कुणी केलीय का. मला वाटलं चेष्टा करतेय! पण खरंच केलीय, फिनलंडमध्ये, २०१३ ला छापून आलंय. १४६ जण, दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली पण साधारण निम्म्यांचीच गादी कापली, बाकीच्यांना कापल्याचं नुसतं नाटक. वर्षभराने दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालेलं. मग आमच्या सोसायटीतल्या काकू "माझं तर मस्त झालं" म्हणतात ते खोटं नाहीच, फक्त ते कापल्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही.

त्याहून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा अभ्यास वाचून जास्त धक्का बसला, पन्नाशीपुढच्या सरसकट लोकांचे एमआरआय काढले तर ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघेदुखीच नव्हती. म्हणजे रिपोर्टातल्या टिअरमुळेच आईला दुखतंय हे तरी कशावरून?

एक अडचण होती. फिनलंडवाल्यांनी संधिवाताचे, म्हणजे सांधाच झिजलेले, पेशंट घेतलेच नव्हते आणि आईच्या एक्सरेत थोडी झीज आहे. झिजलेल्या गुडघ्यांवर ह्यूस्टनला २००२ मध्ये तसाच प्रयोग झालाय, १८० जण, निकाल तोच, पण त्यात बहुतेक पुरुष. शेवटी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाची २०१७ ची शिफारस सापडली, त्यात दोन्ही प्रकार धरलेत आणि दुर्बीण नको असं स्पष्ट लिहिलंय.

प्रिंट घेऊन जायचं धाडस नव्हतं, डॉक्टरांना साधंच विचारलं, "सर, आधी व्यायाम करून बघितला तर काही बिघडेल का?" त्यांनी परत तपासलं, गुडघा पूर्ण सरळ होतोय, अडकून बसत नाही, म्हणाले चालेल, पण कधी लॉक झाला तर लगेच या.

आता सिरीयल बघताना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबणं आणि सरळ पाय उचलणं चालू असतं. बाजारात चालत जाते, जिना उतरताना मात्र अजून कुरकुरते, आणि मैत्रिणीने वजनाचा विषय काढला की ऐकू न आल्यासारखं करते.