खत कमी केलंस तर जगाचं पोट कसं भरायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भावकीतल्या लग्नात, खताच्या दुकानात, पुण्याच्या पाहुण्यांकडं, कुठंही गेलो तरी हे येतंच: "सगळ्यांनी तुझ्यासारखी शेती केली तर जग उपाशी मरंल की!"

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. काळं, खोल. तीस वर्षं त्यात उसाशिवाय काही लावलं नाही. म्हणजे ज्या रानावरून मला भुकेचा हिशेब मागतात, त्यानं लोकांच्या चहात साखर घातली, ताटात भाकरी नाही.

खालचा पाऊण एकर आधी बिघडला. आण्णा पाटानं मोकाट पाणी सोडायचे. अशा रानात पाण्याला निचरा नसला की ते वर येतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं. उन्हाळ्यात त्यावरून चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. ऊस गुडघ्याला लागला की पिवळा. मग आम्ही काय करावं? युरियाचं आणखी एक पोतं!

शेवटी चर मारून सच्छिद्र पाइप पुरला, पाणी ओढ्याला काढलं. दोन पावसाळे धैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, वाढवून रानातच गाडला. वरच्या उसाला ठिबक केलं, पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवायचं सोडलं. युरिया बंद नाही केला, निम्म्यावर आणला. नुसत्या गोमूत्रावर सगळं भागतं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पहिल्या साली टनेज घटलं, हेही खरंच.

राहिली जगाची भूक. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी माणसं उपाशी होती. आणि २०२२ मध्ये घरं, हॉटेलं, दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं होतं. माझी आजी आटपाडीकडची. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली. ती म्हणायची, "वाण्याकडं ज्वारी हुती रं, आमच्याकडं पैका नव्हता." कामाचा पगार हातात पडला तेव्हा चूल पेटली. त्या चुलीला माझ्या जादा युरियानं काय फरक पडला असता, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या पाऊण एकरात यंदा शाळूची ज्वारी केली. चार पोती झाली. फार नाहीत. तीन घरात ठेवली, एक काढणीला आलेल्या बायकांनी मजुरीत मागून घेतलं. पैसे नकोत म्हणाल्या.