तासांची वही

१९ मार्च, रात्र

स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला, हॉटेलात प्रशिक्षणाला येऊन आज ९४ दिवस झाले. हे मोजावं लागत नाही, वहीत लिहिलेलं आहे. निळ्या पुठ्ठ्याची, हाताच्या पंज्याएवढी वही. एप्रनच्या खिशात राहून तिचे कोपरे मऊ पडलेत. उद्या आणि परवा सुट्टी आहे, म्हणून आज ती पहिल्या पानापासून वाचत बसले.

पहिलं पान असं आहे: १६ डिसेंबर. ६.३० ते ११.१५, ५.०० ते ९.१५. एकूण ९. बस, एवढंच. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पगारी कामावर उभी राहिले होते, खिडकीतून मॅटरहॉर्न दिसत होता, आणि मी लिहिलं काय, तर दोन वेळा आणि एक बेरीज.

ही वही माझ्या कल्पनेतून आलेली नाही. सेमिस्टर संपताना, प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या आठवड्यात, आमच्या शिक्षिका म्हणाल्या होत्या, "बाकी काही लिहू नका, पण रोज कामाला लागल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा. स्वतःच्या हातानं, त्याच दिवशी." मग त्यांनी कारण सांगितलं. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी देशभर एकच सामूहिक करार आहे. एल-जीएव्ही म्हणतात त्याला. तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम, आणि कर्मचाऱ्यानं महिन्यातून एकदा तरी ती तपासून सही करायची. मालकानं नोंद ठेवलीच नाही आणि वाद झाला, तर कर्मचाऱ्यानं स्वतः ठेवलेली नोंद पुरावा म्हणून चालते. वर्गात कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मी दिलं, कारण मला तो नियम फार आवडला. चार महिन्यांच्या शिकाऊ मुलीच्या वहीला पुरावा म्हणणारा कायदा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

इथल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणाची रचनाच अशी आहे. काही महिने शाळा, मग चार ते सहा महिने हॉटेलात पगारी प्रशिक्षण, पुन्हा शाळा. बाहेरच्या विद्यार्थ्याला एरवी शिकताना काम करायचं तर पहिले सहा महिने थांबावं लागतं आणि नंतरही आठवड्याला १५ तासांच्या आतच करता येतं. अभ्यासक्रमातलं प्रशिक्षण मात्र पूर्णवेळ असतं, आणि शिकाऊ म्हणून वेगळा असला तरी किमान पगार त्याच करारात ठरलेला असतो. आठवड्याचे ४२ तास. आमच्यासारख्या फक्त सीझनमध्ये चालणाऱ्या हॉटेलात साडेत्रेचाळीस. आठवड्यात दोन दिवस सुट्टी. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, आठवडाभर आधी लागलं पाहिजे.

डिसेंबरच्या पानांत नुसते तास आहेत. मग २९ तारखेच्या पानावर तासांखाली एक ओळ दिसते: "खुर्चीत बसून बघायचं."

त्या दिवशीची गोष्ट लख्ख आठवते. मी हाउसकीपिंगला होते. हाउसकीपिंगच्या प्रमुखाला इथे गुव्हर्नांत म्हणतात. आमच्या बाई पोर्तुगीज. या गावात पोर्तुगीज माणसं इतकी आहेत की कपडे धुण्याच्या खोलीत जर्मनपेक्षा पोर्तुगीज जास्त ऐकू येतं. मी एक खोली पूर्ण केली होती आणि माझ्या मते ती चकचकीत झाली होती. चादरीवर एक सुरकुती नाही, नळावर पाण्याचा डाग नाही. बाई आत आल्या, उभ्या उभ्या काहीच तपासलं नाही. त्या थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, पाहुणा बसेल तशा, मागे टेकून, पाय लांब करून. क्षणभर गप्प राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "ये, बस."

मी बसले. समोरच्या टेबलाच्या खालच्या फळीवर धुळीची एक राखाडी पट्टी होती. उभं राहिलं की ती दिसतच नव्हती. मग त्यांनी मला पलंगावर आडवं व्हायला लावलं. छताच्या दिव्याच्या काचेत एक मेलेली माशी होती. मग टबच्या कडेवर बसवलं. वॉशबेसिनच्या खालच्या पाइपाला मागच्या बाजूनं क्षाराचे पांढरे थर जमले होते. "तू पाच फूट उंचीवरून साफ केलंस," त्या म्हणाल्या. "पाहुणा खोलीत उभा राहायला येत नाही." पुढे त्यांनी स्वतः फडकं घेतलं, टेबलाखाली हात घातला आणि पट्टी पुसली. मला ओरडल्या नाहीत. ती खोली पुन्हा करायला गेलेली २० मिनिटं मी तासांत धरायची की नाही, असं मी त्यांना विचारलं. त्या चकित झाल्या. "म्हणजे काय? धरायचीच. तू कामावर होतीस."

तेव्हापासून तासांखाली ओळी यायला लागल्या. सकाळची आणि संध्याकाळची अशी कामाची विभागणी असली की मधल्या रिकाम्या वेळाला इथे त्सिमरश्टुंडे म्हणतात, म्हणजे खोलीतला तास. पूर्वी नोकरमाणसं त्या वेळात आपल्या खोलीत जाऊन पाय पसरत. मी त्या वेळात लिहिते. डुव्हेचं, म्हणजे जाड पांघरुणाचं, कव्हर उलटं करून दोन कोपरे आतून पकडले की एका झटक्यात बसतं. न्याहारीला आलेल्या पाहुण्यानं वर्तमानपत्र उघडलं असेल तर खोलीचा नंबर विचारायला लगेच जायचं नाही. रात्री पाहुणा चौकशीला आला तर आधी त्याच्या बुटांकडे बघायचं, ओले असतील तर तो बाहेरून दमून आलाय, वाक्यं छोटी ठेवायची. यातलं काहीही कुठल्याच हँडआउटमध्ये नव्हतं.

३१ जानेवारीच्या पानाला मी वरून एक कागद चिकटवलाय. पगारपत्रक. इथे त्याला लोनआब्रेश्नुंग म्हणतात आणि ते वाचायला मला पाऊण तास लागला. वरचा आकडा २,३०० फ्रँकच्या थोडा पुढे. आणि त्याखाली एकेक वजाबाकी. वृद्धापकाळ आणि अपंगत्व विमा ५.३ टक्के. बेरोजगारी विमा १.१ टक्के. अपघात विमा. परदेशी कर्मचाऱ्याचा पगारातूनच कापला जाणारा कर. मग राहणं आणि जेवण, तेही सरकारी दरानं: खोली दिवसाला साडेअकरा फ्रँक, न्याहारी साडेतीन, दुपारचं जेवण दहा, रात्रीचं आठ. दिवसाचे ३३, महिन्याचे ९९०. सगळं जाऊन खात्यात आले ते हजाराच्या थोडे वर.

मी आईला फोनवर तोच आकडा सांगितला आणि ती गप्प झाली. घरात सगळ्यांचा समज होता की प्रशिक्षणाच्या पगारातून फी भरून निघते. आम्हाला प्रवेशाच्या वेळी ज्यांनी माहिती दिली त्यांनी तो समज दूर करायचे कष्ट घेतले नाहीत. ही गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण माझ्यामागून येणाऱ्या कुणाच्या तरी घरी हाच हिशोब आत्ता कागदावर मांडला जात असेल. पगारातून प्रशिक्षणाच्या महिन्यांतला खर्च निघतो, थोडं शिल्लक राहतं. खासगी शाळेची फी त्यातून निघत नाही, तिच्या जवळपासही जात नाही. कर्ज घेणार असाल तर हा पगार फेडीत धरू नका.

तरीही त्या रात्री मी पत्रक पुन्हा पुन्हा वाचत होते. कारण त्यात माझं नाव या देशाच्या म्हातारपणाच्या विम्यात लागलं होतं. शाळेत मी फी भरणारी विद्यार्थिनी होते. इथे कुणीतरी माझ्या कामाचा हिशोब लावला, त्यातून माझा वाटा कापला आणि मालकानंही तेवढाच भरला. खोलीतली धूळ मी नीट पुसते की नाही याला त्या कागदानं वजन आलं.

फेब्रुवारीची पानं वाचताना अजून थोडं घुसमटायला होतं.

झेरमाटमध्ये पेट्रोलच्या गाड्या नाहीत. रस्ता खालच्या टॅश गावापाशी संपतो, पुढे १२ मिनिटांची आगगाडी. बर्फ फार झालं, हिमस्खलनाची भीती असली, की तो मार्ग बंद करतात. २०१८ च्या जानेवारीत असंच झालं होतं आणि सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले होते, काहींना हेलिकॉप्टरनं खाली न्यावं लागलं. जुने कर्मचारी अजून त्याच दिवसांवरून काळ मोजतात. आमच्या वेळी फक्त दीड दिवस गाडी बंद होती. पण तेवढ्यात हॉटेलचं सगळं गणित उलटलं. जाणाऱ्यांना जाता येईना. येणारे खाली अडकलेले. पहाटेच्या पाळीतले काहीजण खालच्या गावातून येतात, तेही नाहीत. मी त्या दोन दिवसांत न्याहारी, खोल्या, लहान मुलांची संध्याकाळ आणि रात्री भांडी, सगळं केलं. आणि मनापासून केलं. दुसऱ्या दिवशी रात्री लॉबीत पाहुणे एकमेकांना नकाशे दाखवत बसले होते, कुणी वैतागलेलं नव्हतं, आणि त्यात आपला हात आहे हे मला कळत होतं. वहीत लिहिलंय: १२ तास २५. खाली: "आज मला हे काम आयुष्यभर करायचं आहे."

महिनाअखेरीस सहीसाठी तासांचा तक्ता आला. त्यावर बरोबर १७४ तास. साडेत्रेचाळीस गुणिले चार. म्हणजे कुणी मोजलंच नव्हतं, रोस्टर उतरवून काढलं होतं. माझ्या वहीत होते १८६ तास ४५ मिनिटं.

मी सही केली नाही. विभागाच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू शिकायला आलीस ना? शिकण्याचे तास कुणी मोजतं का?" ते चिडून बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. रात्रभर मी त्या वाक्याशी भांडत होते. त्यात काहीतरी खरं असेल असंही वाटत होतं. मी खरंच त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त शिकले होते. मग त्याचे पैसे मागणं हावरेपणा का?

सकाळी कपडे धुण्याच्या खोलीत गुव्हर्नांत बाईंना विचारलं. टॉवेलांच्या घड्या घालता घालताच त्या म्हणाल्या, "मी २२ वर्षं शिकतेय. माझे तास मोजतात." मग माझ्याबरोबर ऑफिसात आल्या. मी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली. बर्फाच्या दिवसांपाशी थांबले, तासांखालच्या ओळीही त्यांनी पाहिल्या असाव्यात, कारण बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मराठी त्यांना येत नाही, पण ओळी आहेत हे दिसत होतंच. "हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर करून सांगितलं. खुर्चीत बसून बघायचं. ओले बूट. माझा आवाज कापत होता. त्यांनी तक्ता परत घेतला. दुसऱ्या दिवशी नवा आला, १८६.७५. जादा तास सुट्टीच्या रूपानं परत मिळाले. उद्याची सुट्टी त्यातलीच आहे.

२० मार्च, निडरवाल्डहून परतताना गाडीत

आज रिट्झ हॉटेलवाल्या सेझार रिट्झच्या गावी, निडरवाल्डला, जाऊन आले. झेरमाटहून ब्रिग, तिथून लाल गाडीनं गोम्सच्या खोऱ्यात वर. शाळेत पहिल्याच तासाला ज्याचं नाव ऐकलं त्याचं गाव इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं, छपरांवरून थेंब थेंब गळणारं बर्फ, आणि संपूर्ण गावात मला दोन माणसं दिसली. १८५० साली इथल्या शेतकऱ्याच्या घरात तेरावं मूल म्हणून जन्मला. ब्रिगच्या हॉटेलात शिकाऊ म्हणून लागला आणि तिथून त्याला काढून टाकलं. पुढे लंडनचं सॅव्हॉय, १८९८ मध्ये पॅरिसचं त्याच्या नावाचं हॉटेल.

त्याच्या शिकाऊपणाच्या काळात हॉटेलची शाळा नावाची गोष्टच नव्हती. लोझानची शाळा, जगातली सर्वात जुनी, १८९३ मध्ये निघाली. त्यामुळे त्याचं सगळं शिक्षण थाळ्या उचलत झालं. ब्रिगच्या त्या हॉटेलात त्याचे तास कुणी लिहिले असतील का, हा विचार सारखा येत राहिला. कबरीपाशी थोडा वेळ उभी होते. बर्फ साफ केलेलं होतं, कुणीतरी नियमित करत असणार. तेही कुणाच्या तरी कामाच्या वेळेत.

परत येताना ब्रिगच्या फलाटावर आमच्या बाईंसाठी एक पोस्टकार्ड घेतलं. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून अशी बरीच लावलेली आहेत, जाणाऱ्या प्रत्येक शिकाऊनं दिलेली. मी जायला अजून महिना आहे. पण आत्ताच द्यावंसं वाटतंय.

२२ मार्च

६.३० ते ११.००, ५.३० ते ९.४५. एकूण ८.४५.

३१२ नंबरच्या खोलीत खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. पाहुण्यांनी वळवली असणार, डोंगर बघायला. मी ती तशीच ठेवली, आणि बसून पाहिलं, तिथून काय काय दिसतं ते.