गेंडा अर्धलीने देता येतो का?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी मी शाळेतल्या मुलांना फिरवतो. गप्पा बिबट्यावरून गेंड्यावर गेल्या की बरोबरचे पालक हमखास विचारतात, 'सरकारने गेंडा खासगी जमीनमालकाकडे ठेवला, तर तो शिंग विकून मोकळा नाही का होणार?' चालता चालता सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

देवरुखची माझी आजी गाय अर्धलीने द्यायची. चारापाणी, राखण नेणाऱ्याची, वासरं निम्मी-निम्मी. गाय निघताना मात्र आजी तिच्या गळ्यातलं दावं सोडवून घ्यायची, नेणाऱ्याने आपलं बांधायचं. पडवीतल्या खुंटीवर अशी तीन-चार दावी लटकलेली असायची.

नामिबियाने १९९३ पासून काळ्या गेंड्यांचं जवळजवळ हेच केलंय. गेंडे खासगी रानात, राखण जमीनमालकाची, मालकी सरकारची. पिल्लूही सरकारचंच, म्हणजे आजीपेक्षा कडक! मालकाला पर्यटक मिळतात. शिंग त्याचं नाहीच, तर विकणार काय?

दक्षिण आफ्रिकेत दावंही जमीनमालकाच्या हातात. १९९१ च्या कायद्याने कुंपणातल्या जनावरांवर त्याची मालकी पक्की झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभराच्या आत उरलेले तिथले पांढरे गेंडे पुढे हजारोंनी वाढले, आणि आज त्यातले निम्म्याहून जास्त खासगी रानांत आहेत. पण २००८ पासून चोरटी शिकार वाढली. २०१४ साली १,२१५ गेंडे मारले गेले. शिंग म्हणजे आपल्या नखासारखं केराटिन, त्यापायी! बंदूकधारी रखवालदारांचा खर्च वाढत गेला, आणि शिंगांचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर १९७७ पासून बंद. २०२३ मध्ये तिथले मोठे खासगी गेंडापालक जॉन ह्यूम यांनी सुमारे २,००० गेंडे लिलावात काढले. एकही बोली आली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने ते घेतले.

म्हणून माझं मत नामिबियाच्या बाजूने. मात्र राखणीच्या खर्चातही सरकारचा हात हवा. नुसतं 'सांभाळा' म्हणून कोण किती वर्षं सांभाळेल?

आपल्याकडे गेंडे सरकारचेच. काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ भरले. पण ब्रह्मपुत्रेला पूर आला की ते हायवे ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. वाटेत लोकांची भातशेती, चहाचे मळे. गेंडा काही सातबारा बघून चालत नाही. तेव्हा वनखात्याला पहिला फोन शेतकऱ्यानेच करायचा असतो.

गेल्या रविवारी एका बाबांनी विचारलं, 'कर्जतला आमचे पाच गुंठे आहेत, चालतील?'

म्हटलं, चालतील की, नाश्त्याला.