बंद खोलीबाहेरची घरभेट

त्या माउलीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "पास्टर, पोरगा सुटून आलाय, पण खोलीचं दार उघडत नाही." पोरगा म्हणजे चाळिशीतला माणूस. पतसंस्थेत रोखपाल होता, ठेवीदारांच्या पैशांना हात लावला, कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. ठेवीदारांत आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बरीच घरं होती. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं. याहून जास्त ओळख देणं बरं नाही.

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर 'सीआयडी'चा जुना भाग लागला होता. १९९८ साली सोनीवर सुरू झालेली ही मालिका आमच्याकडे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पाठ. पुतण्या म्हणाला, "पास्टर, दार तोडू या ना, दया तोडतो तसं." तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या मागे मामा पहार घेऊनच उभे होते.

शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न मी वर्षानुवर्षं मन लावून पाहिलाय आणि पाळकाच्या सेवेसाठी त्याच्याकडून खरोखर शिकलोय. त्याची माणसं घटनास्थळी पोचली की आधी डोळे उघडे ठेवतात. काय हललंय, काय जागेवर नाही, शेवटचं कोणी पाहिलं. आम्ही पाळक मात्र उंबरठा ओलांडला की लगेच बायबल उघडतो. घरात दुःख नेमकं कुठे बसलंय हे दिसायच्या आत वचन वाचून, प्रार्थना करून मोकळे होतो. तरुण सेवकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

म्हणून मी आधी घर पाहिलं. दाराबाहेर ताट होतं, चाटूनपुसून रिकामं. आईला तो आतून हो-नाही म्हणत होता. जिवाला धोका दिसत नव्हता. तशी नुसती शंका असती तरी मीच पहार उचलली असती. फळीवरच्या धुळीत मात्र एक चौकोन स्वच्छ होता. "इथे काय होतं?" म्हणून विचारलं. आई म्हणाली, "ह्यांचं उपासना-संगीत."

म्हणजे वडिलांचं गीतपुस्तक आत गेलं होतं. मामांना पहार ठेवायला सांगितली आणि दाराशी चटई टाकून बसलो.

बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो. दार उघडायचं ते आतल्या माणसानं. आणि उत्पत्तीत, पाप केल्यावर झाडांआड लपलेल्या आदामाला देव विचारतो, "तू कोठे आहेस?" त्याला ठाऊक नव्हतं म्हणून थोडंच? प्रद्युम्नचे प्रश्न संशयिताला कोपऱ्यात रेटत नेतात. हा प्रश्न कोपऱ्यात शिरलेल्याला बाहेर बोलावतो. असा प्रश्न सापडणं सोपं नसतं.

मी विचारलं, "कोणतं गीत काढलंयस?"

बराच वेळ काही नाही. मग आतून एक क्रमांक आला. मी ते गीत म्हणायला लागलो, आई माझ्याबरोबर म्हणू लागली. शेवटच्या कडव्याला तोही मिसळला.

"ते सगळे येतात का चर्चला?" त्यानं विचारलं.

"येतात."

"अजून राग आहे?"

"काहींना फार आहे."

इथे गोड बोललो असतो तर कडी निघाली नसती, असं मला अजूनही वाटतं. ती संध्याकाळी निघाली.

मालिकेत कबुली मिळते, प्रद्युम्न फाशीचं सुनावतो, भाग संपतो. शिक्षा भोगून माणूस ज्या गल्लीत परत येतो ती गल्ली दिसत नाही. मालिकेला ते चालतं. मंडळीला चालत नाही, कारण तिचं काम त्याच गल्लीत आहे, आणि तिथे आम्ही फार कमी पडतो.

बाहेर आल्यावर त्यानं कागद मागितला आणि ठेवीदारांची नावं लिहायला बसला. लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणणाऱ्या बायबलमधल्या जकातदाराची, जक्कयाची गोष्ट मी मुद्दामच काढली नाही. तोच म्हणाला, "चर्चला नंतर येईन. आधी या घरी जायचंय." मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला क्रमही हाच: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

यादीत पहिलं नाव एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. फंडाचे पैसे त्यांनी तिथेच ठेवले होते. मी त्याला घेऊन येतो असं फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याला पाठवा. तुम्ही येऊ नका, पास्टर. तुमच्यासमोर मला नीट रागावता येणार नाही."

मी गेलो नाही.