जवस तांबूला चालते, काजळला पुरत नाही
गेल्या श्रावणात आमच्या तांबूने शेपटीच्या बुडाशी इतके चावून घेतले की तिथले केस जाऊन तळहाताएवढी लालसर कातडी उघडी पडली. तांबू हा ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी सापडलेला गावठी कुत्रा, आता सहा वर्षांचा आणि १८ किलोचा. नौपाड्यातले आमचे घर शाकाहारी असल्यामुळे त्वचेसाठी देतात त्या माशाच्या तेलाची बाटली स्वयंपाकघरात यावी अशी सासूबाईंची इच्छा नव्हती आणि त्यांच्या भावनेचा मान राखावा असे मलाही वाटत होते. म्हणून एका दुकानातून, ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ असे ठळक छापलेले त्वचा आणि केसांसाठीचे पूरक तेल आणले आणि तीन आठवडे रोज त्याच्या जेवणावर घातले. खाजवणे तसूभरही कमी झाले नाही.

डॉक्टरांनी त्या बाटलीकडे पाहिलेही नाही. त्यांनी बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी दोनचार वेळा फिरवली, फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली आणि कापूस माझ्यासमोर धरला. पाहता पाहता त्या काळ्या कणांभोवती तांबूस लाल वर्तुळे पसरली. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे तांबूचेच पचलेले रक्त. “ताई, तेलाचं नंतर बघू. आधी पिसवा,” एवढेच त्या म्हणाल्या.

पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात आणि पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत पिसवांची वाढ झपाट्याने होते. त्यांची अंडी आणि अळ्या अंगावर कमी, अंथरुणात आणि फरशीच्या फटींत जास्त असतात, त्यामुळे औषधासोबत घरही साफ करावे लागते. घरात मांजर असेल तर एक गोष्ट अगदी पक्की ध्यानात ठेवावी: कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराच्या जिवावर बेतू शकते.

पिसवा गेल्या, जखम भरली, तरी तांबूच्या केसांना तजेला आला नाही आणि तो झोपून उठला की सतरंजीवर पांढरा कोंडा राहायचा. पूरक आहाराचा विचार खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला. त्याच्या ताटात वर्षानुवर्षे काय पडत होते, हे डॉक्टरांनी विचारल्यावर मी प्रथमच नीट आठवून सांगितले: सकाळी पोळी-दूध, रात्री दहीभात, अधूनमधून उकडलेले अंडे. केस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असतात आणि आमच्या आहारात नेमकी प्रथिनेच तोकडी होती. शिवाय पोळीतल्या गव्हाच्या कोंड्यात फायटेट असते, ते जस्ताला बांधून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. जस्त कमी पडले की कातडी जाड आणि खपलीदार होऊ लागते. तेलाचा थेंब घालण्याआधी ताट बदलणे आवश्यक होते, ते आम्ही बदलले. आता घरातच, पण वेगळ्या भांड्यात, त्याच्यासाठी अंडी आणि कोंबडी शिजते. सासूबाईंनी त्याला आनंदाने संमती दिली, याचे मला आजही अप्रूप आहे.

तेलाचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांशविरहित आहारावर ठेवले, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली आणि काही मेदाम्ले, म्हणजे स्निग्धांशाचे घटक, शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात हे लक्षात आले. त्यांपैकी लिनोलेइक आम्ल कातडीतला ओलावा धरून ठेवते. करडईच्या पारंपरिक तेलात ते सुमारे ७५ टक्के असते, सूर्यफुलाच्या तेलातही भरपूर असते, म्हणजे आपल्या घरचेच तेल इथे कामाचे आहे. याउलट ज्या खोबरेल तेलाची सर्वत्र शिफारस होते, त्यात हे आम्ल नाममात्रच असते.

जवसाची गोष्ट वेगळी आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, ते ओमेगा-३ गटातले आहे, पण कातडीची दाहकता कमी करण्यासाठी ओमेगा-३ गटातलीच जी ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले लागतात, त्यांत त्याचे रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फारच थोडे होते. जवस कुचकामी नाही, परंतु ‘माशाच्या तेलाला पर्याय’ हे त्याचे वर्णन चुकीचे आहे. खरा शाकाहारी पर्याय समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचे तेल हा आहे. माशांच्या अंगातले ओमेगा-३ मुळात त्या शैवालातूनच अन्नसाखळीने आलेले असते, हे समजल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग मधला मासा कशाला हवा?” मला इतके नेमकेपणाने ते सांगता आले नसते.

जवस घरात आणायचेच असतील तर ते जांभळी नाक्यावरून आणून थोडे थोडे दळावेत, कारण अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. तेल काचेच्या गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावे, कारण आपल्या उकाड्यात ते लवकर खवट होते. रंगाच्या दुकानात लाकडासाठी मिळणारे अळशीचे, म्हणजे जवसाचेच, तेल पोटात जाता कामा नये, त्यात वाळवणारी रसायने मिसळलेली असू शकतात. प्रमाणही सांभाळावे लागते, कारण एका छोट्या चमच्यात सुमारे ४० कॅलरी असतात आणि अति तेलाने जुलाब होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूजही येते.

जवस चांगले, हे ऐकून सासूबाईंनी एके दुपारी तांबूच्या भातावर प्रेमाने जवसाची चटणी घातली. आपली ही चटणी लसणाशिवाय होत नाही, आणि लसूण-कांदा कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, मांजरात तर फारच सहज. परिणाम काही दिवसांनी दिसू शकतो, म्हणून पुढचा आठवडाभर आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहत होतो. त्या गुलाबीच राहिल्या. तेव्हापासून चटणीचा डबा वरच्या फळीवर गेला आहे.

काजळ, आमची काळी मांजर, हिचा विचार मी सुरुवातीला तांबूच्या निम्म्या मात्रेने केला होता, आणि ती माझी सर्वांत मोठी चूक ठरली असती. मांजराचे शरीर लिनोलेइक आम्लापासून ॲराकिडोनिक आम्ल हे दुसरे गरजेचे मेदाम्ल पुरेसे बनवू शकत नाही, गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचे ‘अ’ जीवनसत्त्व करू शकत नाही आणि टॉरिन हे अमिनो आम्लही तिला आहारातूनच लागते. नैसर्गिकरीत्या हे सारे मांसातून मिळते. काळ्या मांजराच्या आहारात फेनिलॲलानिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले कमी पडली तर काळे केस तांबूस होऊ लागतात, आणि त्या दिवसांत उन्हात बसलेल्या काजळच्या पाठीवर मला खरोखरच विटकरी छटा दिसत असे. ती उन्हामुळे होती की आहारामुळे, या वादात न पडता डॉक्टरांनी तिला मांजरासाठीचे संपूर्ण खाद्य सुरू करायला लावले. शैवालाचे तेल त्यावर पूरक म्हणून चालते, त्या खाद्याच्या जागी नाही.

ती पहिली बाटली मी नंतर पुन्हा नीट वाचली. घटकांची नावे होती, पण ईपीए-डीएचए किती मिलिग्रॅम याचा कुठे उल्लेख नव्हता, तेल खवट होऊ न देणारे जीवनसत्त्व ‘ई’ नव्हते, आणि समोर कुत्रा व मांजर यांचे एकत्र छायाचित्र होते. कातडीचा नवा थर यायला कुत्र्याला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून कोणत्याही तेलाला सहा ते आठ आठवडे द्यावेत असे डॉक्टरांचे सांगणे होते. आम्ही शैवालाचे तेल गणपतीनंतर सुरू केले. दिवाळीचा फराळ संपत आला, तेव्हा सतरंजी झटकताना कोंडा पडला नाही, आणि तांबूच्या शेपटीच्या बुडाशी आधी मऊ, मग खरे राठ केस आले.