दोयोच्या आधी कुदळ

क्योतोच्या दक्षिणेला एक जुनं घर पाडून तिथे दुमजली लाकडी घर बांधायचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. मातीची तपासणी झालेली, पायाचं ड्रॉइंग मंजूर, खोदाई जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धरलेली. तेवढ्यात मालकांच्या आईचा निरोप आला, दोयोत जमिनीला हात लावायचा नाही.

दोयो म्हणजे प्रत्येक ऋतू सरतानाचे साधारण १८ दिवस. हिशेब मूळचा चिनी. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं चार ऋतूंना वाटायची तर माती उरते. म्हणून तिला प्रत्येक ऋतूच्या शेपटाचे दिवस मिळाले. दिशांमध्ये तिची जागा मधोमध आणि रंग पिवळा. बीजिंगच्या जुन्या राजवाड्यालगतच्या शेजीतान वेदीवर पाच रंगांची माती पसरलेली आहे, तिथेही मध्ये पिवळीच. जपानमध्ये या दिवसांत दोकोजिन हा मातीचा देव जमिनीत मुक्कामाला असतो, म्हणून खणणं वर्ज्य. उन्हाळी दोयो २० जुलैच्या आसपास लागतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपतो. शहरातल्या तरुण मंडळींना तो ईल मासा खायचं निमित्त म्हणूनच ठाऊक.

मला वाटलं, साइट सुपरवायझर वैतागतील. त्यांनी नुसतं कॅलेंडर उघडलं. आधी सुरू झालेलं काम दोयोत चालू ठेवलेलं चालतं, ही पळवाट रूढीतच आहे. शिवाय मधले काही दिवस मोकळे असतात. जुन्या पंचांगात दिवसांना आळीपाळीने बारा प्राण्यांची नावं असतात, त्यातले उन्हाळ्यात ससा, ड्रॅगन आणि माकड यांचे. त्या दिवशी देव जमीन सोडून वर गेलेला असतो म्हणे. मग खोदाई अलीकडे ओढली, आणि त्याआधी भूमिपूजन, म्हणजे तिथलं जिचिनसाई.

प्लॉटवर चार कोपऱ्यांना हिरवे बांबू रोवले होते, त्यांना भाताच्या काडाची दोरी आणि तिला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकवलेल्या. आत चौरंगासारख्या मेजावर तांदूळ, मीठ, पाणी, साके ही तांदळाची दारू, भाज्या, समुद्री शेवाळ आणि एक अख्खा मासा. बाजूला वाळूचा छोटा ढीग, त्यावर गवताची जुडी खोचलेली. पुजाऱ्यांनी त्या जागेच्या देवाला आवाहन करून चारी कोपरे शुद्ध केले. मग गवत कापायचं. हा मान आराखडा करणाऱ्याचा. साहेबांनी लाकडी विळा माझ्या हातात दिला, "घर तू काढलंयस, तूच जा."

तीनदा "एई!" म्हणत कापल्यासारखं करायचं असतं. पहिला आवाज माझा घशातच राहिला, तिसरा शेजारच्या गल्लीत गेला असावा. मागून मालकांनी कुदळ चालवली, ठेकेदारांनी फावडं. वाळू ढासळत होती. आजींची नजर मात्र कुदळीवरून हलली नाही. आपल्याकडे नारळ फुटतो, इथे साके शिंपडतात, त्यामुळे मला परकं काही वाटलं नाही. फक्त भाषण कोणी केलं नाही, याचं नवल वाटलं.

शेवटी पुजाऱ्यांनी ठेकेदारांच्या हाती एक छोटी पेटी दिली. अशा पेटीत माणूस, ढाल, भाला, आरसा यांच्या धातूच्या चिमुकल्या प्रतिकृती असतात. ती पायाखाली पुरतात. काँक्रीट पडण्याआधी सुपरवायझरांनी ती स्वतः नेऊन ठेवली, मजुराला सांगितलं नाही. तुमचा विश्वास आहे का, असं मी विचारलंच. म्हणाले, "दोयोत एखाद्याचा पाय मोडला तर आजींना काय सांगू?"

घराची खोदाई वेळेत सुरू झाली. फाटकापाशी नवी भिंत घालायची ठरली ती मात्र ऐन दोयोत. ते नवं काम, पळवाट लागू नाही. माकडाचा दिवस आजींनीच शोधून फोनवर कळवला. सकाळी पोकलेन लागला तेव्हा त्या बार्लीचा गार चहा घेऊन हजर होत्या. "उद्या दुसरीकडे खणू नका हं," म्हणाल्या. "हाच खड्डा वाढवा."