करंगळी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय. मी पुण्यात सहायक सरकारी वकील आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारतर्फे उभी राहणारी.

चौथा शनिवार होता आणि माझी सुट्टीच्या कोर्टाची ड्यूटी. बाहेरच्यांना हे माहीत नसतं की सुट्टीच्या कोर्टात सात-आठ पोलीस स्टेशनांचे आरोपी येतात पण त्यांच्या मूळ फाईली येत नाहीत, त्या आपापल्या कोर्टाच्या कपाटात कुलपात असतात. पोलीस जो कागद आणतील तोच आमच्यासमोर. त्या दिवशी संध्याकाळी एका हवालदारानं नॉन-बेलेबल वॉरंटातला माणूस आणला. २०१२ ची मोटारसायकल चोरी, आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७९, जामिनावर सुटल्यावर आरोपी गायब, तेव्हापासून केस झोपलेली.

तो माणूस एकच सांगत होता, साहेब तो मी नाही. आता हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही जुळत होतं. लीगल एडच्या, म्हणजे आरोपीला मोफत मिळणाऱ्या, तरुण वकीलबाईंनी वॉरंट रद्द करून जामिनाचा अर्ज दिला, तो सरकारी वकिलांच्या म्हणण्यासाठी माझ्याकडे आला, याला आम्ही 'से' म्हणतो, आणि मी त्यावर लिहिलं: 'अर्जास सक्त विरोध. आरोपी ११ वर्षे फरार होता. जामीन दिल्यास पुन्हा फरार होईल. अर्ज नामंजूर व्हावा.' सही, तारीख. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. अर्ज नामंजूर झाला आणि तो जेलमध्ये गेला.

सोमवारी नेमकी मी त्याच कोर्टात होते जिथली ती केस. क्लार्कनं जुन्या गठ्ठ्यातून फाईल काढली, सुतळी सोडली, आणि मी अटकेचा फॉर्म बघितला. कार्बन कॉपी, पुसट. वय २९. ओळखीच्या खुणा या रकान्यात कुणा अंमलदारानं तेव्हा नीट लिहून ठेवलं होतं, 'उ. हा. करंगळी अर्धी तुटलेली', म्हणजे उजव्या हाताची. त्या माणसाला न्यायाधीश साहेबांनी पुढे बोलावलं, हात दाखव म्हणाले. त्यानं दोन्ही हात वर केले. दहा बोटं, नखांच्या कडेला पांढरा डिस्टेंपर वाळलेला, कारण त्याला हडपसरला एका बिल्डिंगच्या रंगकामावरूनच उचललं होतं. आधारवर जन्मसाल १९९४, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी हा पोरगा जेमतेम अठराचा! त्याची बायको ते आधार कार्ड घेऊन शनिवारीच दोन बस बदलून आली होती पण कोर्ट उठलं होतं.

सुटकेची ऑर्डर लगेच झाली, पण सुटकेच्या ऑर्डरी टाकायची जेलची जी पेटी असते तीत ती पडायची वेळ टळून गेली आणि तो बाहेर आला मंगळवारी सकाळी. तीन रात्री.

वॉरंटचा छापील फॉर्म एकदा वाचून बघा. नाव, पत्ता, कलम. वय नाही, फोटो नाही, ओळखखूण नाही. पत्ता अशा वस्तीचा जी कधीच उठली, हवालदारानं मतदार यादीत नाव शोधलं आणि सापडलं त्याला आणलं, कारण पेंडिंग वॉरंटं निकाली काढायची मोहीम चालू होती आणि वरून रोज आकडा विचारत होते. नोटीस मात्र त्या हवालदारालाच गेली. मला त्याची चूक लहान वाटत नाही, पण आकडा मागणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

आणि मला? मलाही नाही. त्या वकीलबाई व्हरांड्यात म्हणाल्या, "मॅडम, कुणावर काय करता येईल?" मी घरी जाऊन दोन रात्री पुस्तकं काढून बसले. विनाकारण अटकेची भरपाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये होती, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९९, कमाल रक्कम १००० रुपये, आणि तीही ज्यानं पोलिसांना अटक करायला लावली त्याच्याकडून. इथं ज्याची गाडी चोरीला गेली त्याचा काय संबंध? न्यायाधीशांना १८५० च्या कायद्याचं संरक्षण आहे. बेकायदा डांबल्याचं आयपीसी २२० लावायचं तर द्वेषानं, कायद्याविरुद्ध आहे हे माहीत असून केलं असं दाखवावं लागतं. मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं ना!

२०१४ मध्ये गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आरोपी निर्दोष सुटला की तपास अधिकारी आणि सरकारी वकील दोघांच्या चुका तपासा, जबाबदार असेल त्यावर खात्यामार्फत कारवाई करा. फार मोलाचा निकाल. पण तो निर्दोष सुटल्यावर. हा माणूस निर्दोष सुटलाच नाही, तो आरोपीच नव्हता, त्यामुळे त्याची केस त्या तपासणीपुढे जाणारच नाही. लॉ कमिशननं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी खास कोर्टं सुचवली, तसा कायदा झालेला नाही. राहता राहिलं हायकोर्ट, १९८३ च्या रुदुल शाह केसपासून रिटमध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट केलेल्या अर्जात, भरपाई मिळू शकते, पण ती देतं सरकार. सही करणाऱ्याचं काहीच जात नाही.

आमच्यातले एक सीनियर म्हणाले, "अगं आपण पोलिसांच्या कागदावरच बोलणार ना, आपली काय चूक?" मला हे अजिबात पटत नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच महाराष्ट्राच्या शहाणे केसमध्ये सरकारी वकिलांना पोलीस खात्यापासून वेगळं करायला लावलं ते कशासाठी? हवालदाराला "ओळख कशी पटवली?" एवढं एक वाक्य विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं. 'मूळ रेकॉर्ड येईपर्यंत ओळखीची खात्री करावी' असा से लिहिता आला असता, त्याला जागाही तेवढीच लागते.

गेल्या आठवड्यात त्या वकीलबाई पुन्हा भेटल्या, रिटसाठी नकला काढत होत्या. नकलांच्या अर्जात त्यांनी रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची तारीखवार नोंद), वॉरंट आणि अटकेचा फॉर्म लिहिला होता. मी म्हटलं, जामिनाच्या अर्जाची पण नक्कल मागा, मागच्या पानासकट, माझा से मागच्या पानावर आहे. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग पेन काढून चौथ्या ओळीत ते लिहिलं.